बैल न लागलेली भाजी

माझ्या भाजीला आमच्या घरात 'हौस' म्हणतात. हौस म्हटलं की माझं डोकं फिरतं. हौस नटण्याची असते, नाटकाची असते. रोज सकाळी पाण्याच्या कळश्या ओढून कंबरड्याचा काटा ढिला होतो, त्याला हौस म्हणत नाहीत हो!

आमचं घर भिवंडीतल्या जुन्या गावठाणात. मागे परसू आहे, म्हणजे पूर्वी होतं. आता कोबा केलेली, दोन खाटा मावतील एवढी जागा. त्याच्यापलीकडे लूमचा कारखाना, दिवसरात्र खटाखट चालू. शेत होतं ते गोडाऊनला गेलं. मातीत पाय टाकायचा तर आता देवळामागच्या पिंपळाखाली जावं लागतं. मी पडघ्याकडची, शेतकऱ्याची पोर. कोऱ्या सिमेंटकडे बघत भांडी घासायचं मला जमेना. निजामपुऱ्यातल्या भंगारवाल्याकडून एक निळा ड्रम आणला, माती भरली, मेथी पेरली. मेथी वितीएवढीही झाली नाही, पिवळी पडून मेली. भंगारवाल्याला जाब विचारायला गेले तर तो म्हणतो, "भाभी, वो तो डाइंग का ड्रम था, पहले पूछना था ना." म्हणजे कापड रंगवायच्या रसायनाचा! त्या दिवशी मला सगळे हसले. भावजी, म्हणजे माझे मोठे दीर, ते तर पोट धरून हसले. मी गप्प बसून लग्नाचं जेवण करणाऱ्यांकडून लोणच्याचे, तेलाचे ड्रम गोळा केले. भाऊ टेम्पोतून माहेरची माती गोणीत भरून आणायचा. मग भेंडी आली, लाल माठ आला, आळू आलं. सिमेंटच्या फाटक्या गोणीत सुरण लावला. एका ड्रमात तर पपई धरली. वेलांना बांधायला लूमखालचं रंगीत सूत. माझी काकडी गुलाबी दोरीवर चढते, कोणाच्या बापाचं काय जातं?

सासूबाई मात्र कधी एका शब्दाने चांगलं म्हणाल्या नाहीत. दारात बसून बघायच्या नि म्हणायच्या, "टोपात मासा पालायचा नि त्याला दर्या बोलायचा."

गेल्या गणपतीच्या आधी भावजी घरी आले. ते कल्याण रोडला फ्लॅटमध्ये राहतात, पण दीड दिवसाचा गणपती आमच्याकडेच बसतो. परसात उभे राहून त्यांनी नजरेनेच माप घेतलं. म्हणाले, "इथे एक खोली काढू. लूमवाले भाडेकरू रांगेत उभे आहेत. गणपती गेले की मिस्त्री येतोय. ड्रम भंगारात देऊन टाक."

"ड्रम हलणार नाहीत," मी म्हटलं.

"घर आईच्या नावावर आहे. आईला विचारू."

त्यांना खात्री होती. आईने त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघू." लग्नापासून ह्यांचं सगळं 'बघू'वरच चाललंय. रात्रभर मला झोप नाही. खोली झाली की मला मागच्या दारातून दिसणार काय, तर भिंत. मी ठरवलं, भांडून मरेन पण सोडणार नाही.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. हे व्रत सासूबाईंचं फार कडक. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर लागलेलं धान्य नाही, भाजी नाही. वर्षभर तो राबतो, एक दिवस त्याच्या जिवावर जेवायचं नाही. शेत होतं तेव्हा त्या बांधावरची एक पट्टी हाताने खणून खास ऋषीसाठी भाजी लावायच्या. शेत गेल्यावर बाजार. दरवर्षी त्या भाजीवालीला विचारायच्या, "बैल लागला काय गो?" ती ढिगावरून मान हलवायची, "न्हाय गो आये, हातानं खनलंय." आणि सासूबाई दरवर्षी रागाने घरी यायच्या. खोटं कळायचं ना त्यांना.

त्या सकाळी त्यांनी विचारलं, "भाजी आनली काय?"

"नाही आणली."

"नाय म्हंजे?"

मी त्यांना हाताला धरून परसात नेलं. त्यांनी ड्रममध्ये बोट खुपसलं, माती चोळली, वास घेतला. "माती कुटली?"

"माझ्या माहेरची. पडघ्याकडची."

"शेतातली? तितं बैल फिरतो ना?"

अशी तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, "आंब्याखालची आहे, भावाने कुदळीने खणलीय. तिथे बैल काय, तुमचा मोठा मुलगाही कधी फिरकला नाही."

"नि शेन?"

"गायीचं."

"बैलाचं नसंल कशावरून?"

"आता काय करू आई? शेणाला विचारू, तू कोणाचं?"

सासूबाई हसायला लागल्या. बोळक्या तोंडाने, पदर तोंडाला लावून, इतक्या हसल्या की ड्रमचा काठ धरावा लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना अशा हसताना बघितलं नव्हतं. मग मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच भाजी काढली. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तरच घ्यायची. आळूचं पान बाहेरून काढायचं, मधला कोंब राखायचा. शिराळं, पडवळ, माठ, दोन काकड्या, मक्याची कणसं. गोणी उकरून सुरणही काढायला लावला. तेल नाही, फोडणी नाही. मीठ, मिरची, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ. एका टोपात सगळं शिजलं.

दुपारी पंगत बसली. सासूबाईंच्या ताटात वरीचा भात आणि ही भाजी. भावजींनीही दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाले, "उद्या मिस्त्रीला माप घ्यायला बोलावलंय."

माझ्या हातात वाढायचा डाव होता. म्हटलं, "बोलवा की. मग पुढच्या ऋषीला टोपात काय भाडेकरू शिजवायचा?"

हे ठसकले. भावजींचं तोंड लाल. "आई, ऐकतेस ना हिची जीभ? आता तूच सांग. खोली काढायची ना?"

मी डाव तसाच धरून उभी राहिले.

सासूबाईंनी घास गिळला. पाणी प्यायल्या. मग सावकाश म्हणाल्या, "मना इचारतस?"

"हो, तुलाच."

"शेत इकलास तवा नाय इचारलास. कागद फुडं ठेवलास नि बोललास, आये, अंगठा लाव. मी लावला. त्या राती मी जेवले नव्हते. तुमी कोनी बगितलात पन नाय."

मलाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा ह्याच घरात होते, मीच ताटं वाढली असणार.

"आता इचारतस तं आयक. नाय. मी जिती हाय तवर एक ईट लागनार नाय तितं."

"आई, अगं फायद्याचं..."

त्यांनी उजवा हात वर केला. भाजीने माखलेला अंगठा मोठ्या मुलासमोर धरला. "ह्यो अंगठा आता माजा हाय," त्या म्हणाल्या, आणि तो स्वच्छ चाटून घेतला.