कालवण करपवणारी कादंबरी

रहस्यकादंबरी चांगली की टाकाऊ हे छातीठोकपणे सांगू शकेल असं माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि ते घणसोली गावात राहतं. समीक्षक मंडळी यावर रुसतील, पण माझा नाइलाज आहे. बाकीचे लोक पुस्तक मिटल्यावर मत देतात. आमच्या घरमालकीण मावशींचं मत पुस्तक चालू असतानाच वासाने गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचायचं. कालवण करपलं की कादंबरी चांगली. बुडाला नुसतं लागलं तर बरी. आणि कालवण वेळेवर, बेताच्या आंबटपणाचं, नाव ठेवायला जागा नाही असं उतरलं, तर त्या लेखकाने दुसरा धंदा बघावा. वास आला की शेजारच्या बायका आपापसात म्हणायच्या, आज पुस्तक चांगलं लागलेलं दिसतंय.

मी मराठवाड्यातून नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा खोली शोधत गावभर हिंडलो होतो. कुणी लग्न झालंय का विचारलं, कुणी गाव विचारलं, कुणी डिपॉझिटचा आकडा सांगून दार लोटलं. मावशींनी माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि त्यात खून आहे का असं विचारलं. आहे म्हटल्यावर दुसरा प्रश्न, मोठ्याने वाचता येतं का. एवढ्यावर खोली मिळाली. नंतर कळलं की त्यांचे यजमान एका कंपनीत वॉचमन होते. पाळीवर बसून ते रहस्यकथा वाचायचे आणि घरी आल्यावर मावशींना सांगायचे. पण ज्या पानावर आपली पाळी संपली तिथेच गोष्ट थांबवायचे. मावशी दुसऱ्या दिवशी तळवलीच्या नाक्यावर टोपली घेऊन बसायच्या आणि पापलेट कापता कापता खुनी शोधायच्या. अशी पस्तीस वर्षं गेली. यजमान गेले, टोपली सुटली, डोळ्यांना बारीक अक्षर दिसेना, पण खुनी शोधायची सवय काही सुटली नाही.

माझी पहिली पाळी तीनला संपायची. चारच्या सुमाराला मागच्या पडवीत आमची बैठक बसे. त्या वेळी पलीकडच्या टॉवरची सावली आमच्या उंबऱ्याशी यायची आणि हळूहळू भिंत चढायला लागायची. खाडीकडून खारट, चिखलाच्या वासाचा वारा यायचा. आत शेगडीवर संध्याकाळचं कालवण मंद आचेवर, बाहेर मावशी पाय पसरून सुपातले सुक्या कोळंबीचे सोडे निवडतायत, डोळे मिटलेले, आणि मी वाचतोय. पहाटे उठलेल्या माणसाला असं वाचताना कधी डुलकी लागते ते कळत नाही. एकदा मी झोपेतच अर्धं पान वाचलं. त्यात खुनी होडीतून पळून जातो आणि होडी ढगांवर चढते, असं काहीसं होतं. मावशींनी डोळे न उघडता सांगितलं, "हे त्यात नाय. तू झोपलास." मग "पन बरं होतं," असंही म्हणाल्या.

त्यांची मतं ठाम होती आणि सगळी टोपलीतून आलेली होती. मुडदा पहिल्या वीस पानांत दिसला पाहिजे. मासळी झाकून ठेवणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक कशाला थांबेल, असं त्यांचं म्हणणं. धुक्याचं नि डोंगराचं वर्णन आलं की त्या हाताने माशी वारल्यासारखं करायच्या, म्हणजे मी पान उलटायचं. खुनी पहिल्यापासून घरातच वावरला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात बाहेरगावहून आलेला खुनी म्हणजे वर चार ताजे पापलेट नि खाली सगळा बर्फ, अशी फसवणूक. एका जाडजूड कादंबरीत शेवटी जुळा भाऊ निघाला. मावशी उठल्या, आत जाऊन कालवण ढवळलं, चाखलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या की ते पुस्तक आजच्या आज लायब्ररीत देऊन ये, घरात लहान मुलं येतात.

त्यातही त्यांना छळायच्या त्या भलत्याच गोष्टी. विषाचा पेला पिऊन सावकार मेला, पोलीस आले, पंचनामा झाला, हुशार डिटेक्टिव्ह सिगारेट ओढत विचार करू लागला. मावशींचं लक्ष त्याच्याकडे नाहीच. घरात पंधरा माणसं जेवली होती, मग भांडी कोणी घासली? लेखकाला ते माहीत नसायचं. मलाही नसायचं. "भांडी घासनारीला सगलं ठावं असतं," त्या म्हणायच्या, "तिला कोन इचारतच नाय." आणि पुस्तक संपल्यावर न चुकता एक प्रश्न असे, की मेलेल्यासाठी कोणी रडलं का. बहुतेक पुस्तकांत कोणीच रडलेलं नसायचं. सगळे जण खुनी शोधण्याच्या गडबडीत असायचे. मग मावशी उगाच सोड्यांवरून हात फिरवत बसायच्या.

वर्षातून पाच-सहा दिवस मात्र वाचन बंद असे. मुलाच्या ओळखीतून खाडीतला जिताडा मासा घरी आला की त्या दिवशी पडवीत पुस्तक आणायची बंदी. जिताड्यावरून लक्ष हटवावं अशी कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही, असं त्या स्वच्छ सांगायच्या. मी एकदा चेष्टेने म्हटलं की अगदी शेवटचं पान उरलंय. त्यांनी मला ताटाखालचा पाट दाखवला आणि गप्प बसवलं.

अशा बाईच्या घरात राहून मी स्वतः एक रहस्यकादंबरी लिहिली, याला धाडस म्हणावं की अक्कल गहाण टाकणं, ते तुम्हीच ठरवा. चार वर्षं खपलो होतो. एका शीतगृहात तरुण सुपरवायझर मरून पडलेला सापडतो, अशी सुरुवात. मुडदा तिसऱ्याच पानावर, धुकं नाही, जुळा भाऊ नाही. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी ती मावशींना वाचून दाखवायची आणि कालवण करपलं नाही तर बाड कायमचं ट्रंकेत टाकायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. वहिनींना, म्हणजे मावशींच्या सुनेला, मी हे बोललोही होतो. त्या महाप्याला एका ऑफिसात कामाला होत्या. त्यांनी घरी ते सांगितलं असणार.

सोमवारी कालवण उत्तम झालं. मंगळवारी त्याहून उत्तम. बुधवारी मावशींनी वाचन मध्ये थांबवून आत जाऊन कोकम टाकलं, तेव्हा मी तीच ओळ दोनदा वाचली. रात्री ताटात अप्रतिम बांगडा असायचा आणि मी तो नुसता चिवडत बसायचो. गुरुवारी त्यांनी एकच विचारलं. "बाला, त्या पोराला आई नव्हती का?" मी जरा तोऱ्यातच सांगितलं की कथानकात तिची गरज नाही. त्या बरं म्हणाल्या.

शनिवारी शेवटचं प्रकरण. खुन्याचं नाव आलं आणि आतून वास आला. आधी बारीक, मग खरपूस, मग चांगला झणझणीत धूर. मावशी हलल्या नाहीत. डोळे मिटून बसून राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते निव्वळ धुराने नव्हतं. त्या दिवशी मी हट्टाने तो करपलेला रस्सा मागून घेतला आणि ताट चाटूनपुसून जेवलो. घरातले बाकीचे नंतर जेवतो म्हणाले.

बाड प्रकाशकाकडे गेलं आणि काही महिन्यांनी गोड शब्दांतल्या पत्रासोबत परत आलं. मला त्या प्रकाशकाची कीव आली. त्याच्या घरी कालवण होत नसणार, असा निष्कर्ष काढून मी दुसऱ्याकडे पाठवलं, मग तिसऱ्याकडे. दरम्यान माझी नोकरी बदलली आणि मी द्रोणागिरीला गोदामांच्या पलीकडे राहायला गेलो.

गेल्या वर्षी एका रविवारी घणसोलीला गेलो. मावशी आता फार थकल्यात. कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. यंत्र आणलंय, पण त्यात सगळी गल्ली ओरडते म्हणून ते डबीत ठेवलेलं असतं. मी वहिनींजवळ प्रकाशकांची निंदा करत बसलो होतो. त्यांनी चहा गाळता गाळता बराच वेळ ऐकून घेतलं.

"भाऊ, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी करपल्या त्या चार मांदेल्या होत्या, स्वस्तातली बारीक मासळी. जुन्या टोपात मुद्दाम घातलेल्या. खरं कालवण आईंनी आधीच उतरवून फ्रीजमध्ये ठेवलं होतं."

 तुमचा चेहरा बघवत नव्हता म्हणाल्या त्या, असं वहिनी हळूच पुढे म्हणाल्या. पडवीत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सावली भिंतीवर अर्धी चढली होती. मला लाज वाटली, रागही आला, आणि त्या दोन्हींच्या तळाशी अशी काही माया दाटून आली की मी तसाच निरोप न घेता निघालो.

पुढचे आठ महिने मी ती कादंबरी पुन्हा लिहिली. या वेळी त्या मुलाला आई होती. पोलिसांकडे जाऊन ती दुसरं काही मागत नाही, मुलाचा जेवणाचा डबा तेवढा मागते. डबा मिळतो. ती उघडते. आतून लख्ख धुतलेला. आणि तिला कळतं की शेवटच्या वेळी मुलाबरोबर कोणीतरी होतं, कारण तिच्या मुलाने जन्मात कधी डबा धुवून आणला नव्हता.

बाड घेऊन मी परवा पुन्हा गेलो. दुपारचे चार वाजले होते. नेमका त्या दिवशी जिताडा आलेला. शेगडी आता विजेची आहे; मावशी गॅस विसरतात म्हणून मुलाने आणलेली, वेळ झाली की शिटी वाजवून आपली आपण बंद होते. कालवण मावशींनी स्वतः चढवलं होतं. मला वाटलं आज काही खरं नाही, पाट दाखवतील. पण माझ्या हातातले कागद बघून त्या जरा सरकल्या आणि शेजारी जागा केली.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून वाचू लागलो. खाडीचा वारा कागद उडवत होता, म्हणून मावशींनी एक कोपरा अंगठ्याने दाबून धरला. आई पोलीस चौकीत आली. डबा मागितला. झाकण उघडलं. बोटाने आतून पुसून पाहिलं, आणि मग पहिल्यांदा रडली. तेवढ्यात आत शेगडीची शिटी झाली. वहिनींनी आतून काहीतरी सांगितलं. शिटी नि वहिनींचा आवाज, दोन्ही मावशींना ऐकू गेले नव्हते. मी वाचायचा थांबलो तेव्हा त्यांनी डोळे उघडून आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जिताडा करपला तर करपू दे," त्या म्हणाल्या. "वाच तू."

शेगडी बंद झालीय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या अंगठ्याखालून कागद हळूच सोडवून घेतला आणि पुढचं पान वाचायला घेतलं.