वाल सोलता सोलता शिकलेली भाषा

गाव सोडलं त्या सकाळी आई एसटीच्या खिडकीखाली उभी राहून अखंड बोलत होती. "मामीक कामात हातभार लाव गो. केस मोकळे सोडून फिरू नको." मी पंधरा वर्षांची, दहावी झालेली, पुढचं शिकायला मुंबईत घोडपदेवला मामाकडे निघालेली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ती म्हणाली, "काय झाला तर माका सांग हां." मी मान हलवली. आणि पुढे सतरा वर्षं तिला काहीच सांगितलं नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, जे गावात राहिलात आणि म्हणता की मुंबईत जाऊन हिने पोरगी बिघडवली. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखेच इथे आलात आणि आता स्वतःच्या पोरांसमोर तोंड उघडायला बिचकता. राग आला तर येऊ दे.

घोडपदेवच्या चाळीत पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पाणी खय भरतत?" 'कुठे'च्या जागी 'खय' ऐकून गॅलरीतल्या मुली पोट धरधरून हसल्या. महिनाभर माझं नावच 'खय' होतं. मग मी एक युक्ती केली. त्या मुली संध्याकाळी गॅलरीत गप्पा मारायला जमल्या, की मी सुपात तांदूळ घेऊन शेजारी निवडत बसायची. मांडीवर सूप असलं की माणूस कोणाला दिसत नाही. कल्टी मारली, पोपट झाला, लोचा आहे, सगळं खड्यांबरोबर वेचून घेतलं. दिवाळीपर्यंत मी गावाकडची आहे हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. काय माज होता मला!

मे महिन्यात गावी गेले. आई म्हणाली, "थय कसा चल्लाहा तुझा?" मालवणी बोलायची मला लाज वाटायला लागली होती आणि मुंबईचं बोलणं तिच्यासमोर परकं वाटत होतं. म्हणून म्हटलं, "बरं आहे." अकरावीत गणितात नापास झाले, बरं आहे. मामीने तीन महिने अबोला धरला, बरं आहे. आई गेली तेव्हा तिला माझ्या मुंबईबद्दल एवढंच ठाऊक होतं. याचा मला आजही राग येतो. तिचा नाही, माझाच.

आता मी प्रभादेवीला राहते. नवऱ्याची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर. मुलगी सई पंधरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी एक दिवस क्लासवरून आली, मी विचारलं कसा गेला दिवस, ती म्हणाली, "फाइन," आणि खोलीचं दार लावून घेतलं. हे तर माझंच 'बरं आहे'!

मैत्रिणी आल्या की मात्र हीच मूग गिळून बसणारी पोरगी धबाधबा बोलते. "ब्रो, पेपर मिड होता, मी लो-की डेलुलू होते की नव्वद पडतील." हे ऐकून माझी जाऊ म्हणाली, "एक कानाखाली ओढ, भाषा सरळ होते की नाही बघ." नवरा म्हणाला, "सोड ना, वय आहे." मी दोघांनाही सांगितलं, मी मारणारही नाही आणि सोडणारही नाही. मी शिकणार.

शनिवारी दुपारी सईच्या तिघी मैत्रिणी आमच्या हॉलमध्ये जमायच्या. मी भिजवून मोड आणलेले कडवे वाल परातीत घेऊन कोपऱ्यात बसायला लागले. वाल एकेक करून सोलावे लागतात, तासभर कोणी उठवत नाही. मिड म्हणजे जेमतेम. डेलुलू म्हणजे स्वतःच्या मनाचे मांडे खाणारी. लो-की म्हणजे आतल्या आत, गाजावाजा न करता. घोस्ट करणं म्हणजे न भांडता, न सांगता एखाद्याशी बोलणंच टाकून देणं. क्रॅश आउट म्हणजे डोक्याचा फ्यूज उडणं. अहो, आमच्या गॅलरीतल्या भाषेइतकीच रसरशीत भाषा आहे ही. उगाच नाकं मुरडता.

महिन्याभराने मला जोर चढला. बटाटेवड्यांची ताटली पुढे ठेवत मी त्यांच्याच भाषेत शाबासकी दिली, "स्ले, गर्ल्स!" तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घालून वडे खायला लागल्या. त्या गेल्यावर सई दातओठ खात म्हणाली, "आई, प्लीज. इतकं क्रिंज नको ना वागूस, लाज वाटते मला." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मग ठरवलं, ती भाषा तिचीच राहू दे. आपण बोलायची नाही, समजून घ्यायची. पुढच्या शनिवारी पुन्हा परात घेऊन बसले.

मग एका शनिवारी कोणी आलंच नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. माझ्यासमोर हॉलमध्येच सई मावसबहिणीशी फोनवर हसत हसत बोलत होती, "मला घोस्ट केलंय यार सगळ्यांनी. आय ॲम सो गोइंग टू क्रॅश आउट." चार महिन्यांपूर्वी मला वाटलं असतं, चाललीय पोरींची थट्टा. आता माझ्या हातातला वाल हातातच राहिला.

फोन ठेवून ती खोलीत गेली. मी मागोमाग गेले. "काय झालंय?"

"काही नाही. तुला नाही कळणार."

"तिघींनी घोस्ट केलंय ना तुला?"

तिने झटकन वर पाहिलं. "तू ऐकत होतीस?"

"ऐकत होते. इतके महिने वाल काय हौस म्हणून सोलतेय? तुझ्या बाबांना तर ते आवडतही नाहीत."

तिला हसू फुटलं आणि हसता हसताच ती हमसून रडायला लागली. मग सांगितलं. तिला वगळून केलेला वेगळा ग्रुप, डबा एकटीने खाणं, शाळेला जाऊच नये असं वाटणं. निम्मं मला कळलं नाही. मी दर वाक्याला अडवून विचारलं, ती वैतागली, पण पुन्हा सांगत राहिली. वालाचं बिरडं त्या दिवशी झालंच नाही.

तेव्हा, ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा की मी पोरीला डोक्यावर बसवलंय. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझ्या घरात मालवणी चालते, टपोरी हिंदी चालते, सईचं ते ब्रो-डेलुलूही चालतं. मनाई एकाच वाक्याला आहे, 'तुला नाही कळणार.' जो ते बोलेल त्याने बसायचं आणि समोरच्याला कळेपर्यंत सांगायचं. गाव सुटून जन्म लोटला, चाळ पडली, आता मला विचाराल तर घर म्हणजे एवढंच.

गेल्या आठवड्यात ऑफिसात साहेबाने सगळ्यांदेखत मला 'जुनं मॉडेल' म्हटलं. घरी आले ती तोंड पाडूनच. सईने विचारलं काय झालं, मी म्हटलं, "ऑफिसातलं आहे गं, तुला नाही कळणार."

तिने मोबाइल उपडा ठेवला आणि माझ्यासमोर मांडी ठोकून बसली.

"चल," म्हणाली, "पहिल्यापासून सांग."