मामीची मूठ

आमच्या मोठ्या मामीची मूठ इवलीशी होती. पण राइस मिलमध्ये धानाची पोती एका झटक्यात पाठीवर घेणारा माझा सहा फुटी मामा त्या मुठीला जेवढा दबून असे, तेवढा मिलच्या शेठलाही नसे. अख्ख्या आमगावात अशी बाई दुसरी झाली नाही, पैजेवर सांगते!

मामाच्या हृदयाकडे जाणारी नस अरुंद झाली, तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "भजिया बंद. रोज मुट्ठीभर मूंगफली-बादाम, बिना नमक. नसों के लिए अच्छा है." घरी येताच मामाने दाण्यांच्या डब्यात पंजा घातला. त्याची मूठ म्हणजे अर्धा डबा! मामीने मनगटच धरलं.

"काऊन जी, औषध खाऊन राहिले का जेवण करून राहिले?"

"डॉक्टर मूठभर म्हणे. कोणाची मूठ, थे कुठं सांगतलन?"

"माही!"

विषय संपला. तेव्हापासून रोज सकाळी भाजलेले शेंगदाणे, एखाददुसरा बदाम आणि जंगलातली चारोळी, अशी मामीची एक मूठ मामाच्या तळहातावर पडायची. "चिमणीले टाकून राहिली का?" म्हणून तो कुरकुरायचा. ही ढिम्म! एका लग्नात त्याचा हात हळूच भजियांकडे गेला, तर बायांच्या पंगतीतून हिने नुसती मूठ वर केली. मामाने भजिया परत ठेवली. मी तर बघतच राहिले, बाई.

मामाला एकच ध्यास होता, कचारगडच्या डोंगरावर, देवाच्या गुहेपर्यंत पुन्हा चढायचं. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी होकार दिला. सगळी वाट मामी त्याच्या मागे होती. वर पोचल्यावर मामाला रडूच फुटलं. ती मात्र पदराची गाठ सोडत म्हणाली, "चढले ना जी? आता हे खा."

मागच्या पावसाळ्यात मामी तापाने गेली. तेरवी झाल्यावर सकाळी मामाने डबा माझ्यापुढे सरकवला. "तुही मूठ तिच्याएवढीच दिसते. तू दे."

आता अडवणारं कोण आहे, म्हणून मी मूठ जरा सैल भरली. मामाने तळहाताकडे पाहिलं आणि वरचे दाणे वेचून डब्यात परत टाकले.

"एवढे नाई, बाई. रागावते तुही मामी."