होटगीला नक्की कोण गेलं होतं?

सोलापूरला जायचं ठरलं ते ऐन मे महिन्यात, म्हणजे शहाणा माणूस सोलापूरचं नावही काढणार नाही अशा वेळी. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमनी दिलेली मुदत डोक्यावर येऊन बसली होती. किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, चादरी यांच्या माहितीसाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल, तर आधीच माफी मागते. मी ज्या वसाहतीत गेले तिचं नावही सांगणार नाही, आणि बायकांची नावं बदललेली आहेत. प्रवासवर्णनात ठिकाण लपवणारी मी पहिलीच असेन.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. रेल्वे जास्त बरी पडते, पण आरक्षण आधी करावं लागतं आणि मी ते केलं नव्हतं. रस्ता मात्र छान आहे. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा कपातला चहा गरम की बाहेरची हवा, हे सांगणं कठीण होतं. सोलापुरात स्टँडजवळ लॉज भरपूर आहेत. चार पैसे वाचवायला कूलर नसलेली खोली घेऊ नका, मी घेतली आणि पस्तावले.

पहिली मुलाखत अंबाक्काची. पन्नाशीची बाई, उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं आपली वळतायत, डोळे माझ्याकडे. या गल्लीतल्या बायका आपापसांत तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. मला शिकवलं होतं तसं मी सगळं सांगितलं: नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, वाटेल तेव्हा रेकॉर्डिंग थांबवा, तुमचं नाव मी बदलेन.

"नाव बदलणार म्हंजे काय करणार?"

"दुसरंच नाव लिहीन. तुम्हाला कुणी ओळखणार नाही."

"आन बाकीचं?"

"बाकीचं तुम्ही सांगाल तसंच."

अंबाक्का शेजारणीकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. काही न कळता मीही हसले.

माझा शेवटचा प्रश्न होता: फक्त स्वतःसाठी म्हणून कधी घराबाहेर पडलात का?

"गेलते की येकदा," ती म्हणाली. "कारखान्यात विड्या द्यायला म्हणून निघाले, टोपली मैत्रिणीकडं ठेवली आन सरळ होटगी स्टेशन गाठलं. बाकड्यावर बसले. तितनं येक गाडी विजापूरला जाती, येक गुलबर्ग्याला. कुटं जावं तेच ठरंना. संगट भाकरी होती ती खाल्ली, अर्धी कुत्र्याला घातली, आन दिवस मावळायच्या आत घरी."

"घरी काय सांगितलं?"

"कारखान्यात लई गर्दी होती म्हनून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. त्या दिवशी खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना मी मनातल्या मनात माझा अहवाल याच गोष्टीनं सुरूही करून टाकला. चटणीवर तेल मागून घ्या, न मागता देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेणुका. वयानं माझ्याएवढी, दोन लेकरं पायात घुटमळणारी. शेवटचा प्रश्न विचारला आणि ती म्हणाली, "गेलते की येकदा. विड्या द्यायला म्हणून निघाले..."

बाकडं, विजापूर, गुलबर्गा, अर्धी भाकरी, कुत्रं. मी गोंधळले. "तुम्ही दोघी मिळून गेला होतात का?"

"न्हाय वो. मी येकटीच."

दुपारी यल्लूबाई. या आजींना गुडघ्यांमुळे नळापर्यंत चालवत नाही. त्याही होटगीला गेलेल्या. त्यांनीही अर्धी भाकरी कुत्र्याला घातलेली. माझं डोकं इतकं चालेनासं झालं होतं की मी विचारलं, कुत्रं कसं होतं?

"कुत्र्यासारकं," आजी म्हणाल्या.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी स्वतःच होटगीला गेले. रिक्षा केलीत तर परतीचंही आधीच बोलून घ्या, नाहीतर येताना उन्हात ताटकळाल. स्टेशन जंक्शन असलं तरी दुपारी सुस्त. मी बाकड्यावर बसले. कसला पुरावा शोधायला आले होते, देव जाणे. कुत्री होती, एक सोडून बरीच. चहावाल्यानं विचारलं, "कुटं जायाचं?" म्हटलं, कुठंच नाही. "मग बसा की," तो म्हणाला. विजापूरकडे जाणारी गाडी आली, थांबली, गेली. चढले असते तर, असं क्षणभर वाटलं, आणि कशासाठी ते कळेना.

तिथून तडक अंबाक्काकडे. मी जरा चिडलेच होते. "अक्का, तिघी एकच गोष्ट सांगता. खोटं सांगायचं होतं तर वेगवेगळं तरी सांगायचं!"

तिनं सूप खाली ठेवलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"मागं येक पोरगी आलती, तुमच्यासारकीच. तिनं बी येकीचं नाव बदललं. पन तीन पोरींची आई, नवरा हमाल, हापशाजवळचं घर, ते समदं तसंच छापलं. गल्लीत अशा किती बाया हायत? येकच. तिच्या नवऱ्याला कुनीतरी वाचून दाखवलं. आता ती भावाकडं हाय. पोरी हितं, ती तितं. तवापासनं आमी ठरवलंय. येकीचं काय सांगायचं तर समद्यांनी मिळून सांगायचं."

"मग होटगीला खरं कोण गेलं होतं?"

"तुमाला गोष्ट पायजे का ती बाई पायजे?"

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. पण त्या तीन मुलींचा विचार मनात आला आणि तसं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"आन होटगीच कशावरनं?" अंबाक्का म्हणाली. "सांगा की कुनालाबी. निस्तं सांगताना 'मी गेलते' म्हना."

परतीच्या गाडीतून मॅडमना फोन केला. आधी म्हणाल्या, तिन्ही मुलाखती काढून टाक, भरवशाच्या नाहीत. मग म्हणाल्या, थांब, काढू नकोस. मग, मला विचार करू दे. त्या अजून विचार करतायत. मीही. तीन खोट्या मुलाखती घेऊन आले की एक खरी, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी पोचले तर आई, मावशी आणि शेजारच्या काकू पापड लाटत बसल्या होत्या. कसं काय सोलापूर, असं विचारलं त्यांनी. मी पंख्याखाली बसले आणि म्हटलं, "एकदा मी घरी न सांगता होटगीला गेले होते." आणि कुत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. तिघींपैकी एकीनं लाटणं बाजूला ठेवलं. मग ती बोलायला लागली, आणि उरलेल्या दोघींनी मान वर केली नाही.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. "लिही," ती म्हणाली, "पण तू गेलीस म्हणून लिही."

तर, एकदा मी दळण आणायला म्हणून बाहेर पडले. डबा गिरणीत ठेवला आणि स्वारगेटला जाऊन कोल्हापूरच्या गाडीत बसले. तिकीट शेवटपर्यंतचं काढलं. खिडकीची जागा होती. शिरवळ येईपर्यंत फार बरं वाटत होतं. मग गॅस बंद केला की नाही, ते आठवेना. उतरले, समोरून आलेल्या गाडीत चढले, दळण घेतलं. घरी सांगितलं, गिरणीत फार गर्दी होती.