खापरपणजीच्या पाकळ्या

माझ्या सासूबाईंनी राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका बाईला दहापैकी चार मार्क दिले आणि माझी नोकरी धोक्यात आली.

ती बाई म्हणजे आमच्या बॉस मार्गारेट मॅडमची खापरपणजी. इंग्लंडच्या माळावर बसून तिने रानफुलांची जलरंगातली चित्रं काढली होती. मॅडमना ती फ्रेम करायची होती. "शारजात माझ्या ओळखीचा फ्रेमवाला आहे!" मी म्हणालो. (मला कुणी विचारलं नव्हतं!) चित्रं दुबईतल्या अल कुसैसच्या घरी आणली, टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेलो.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेलं! मी बाहेर येतो तर लेक सई ओरडतेय, "बाबा, आज्जी इज करेक्टिंग इट!"

रानगुलाबाखाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पाकळ्या पाच हव्यात. चारच का? ४/१०.' निळ्या घंटाफुलांखाली, 'देठ जाड. निरीक्षण कमी.'

"आई, हे काय केलंत?"

"मला वाटलं, सईचा प्रोजेक्ट आहे. पण चूक ती चूकच, जावईबापू!"

खोडरबराने लाल रंग गेला नाही, नुसता पसरला. मग मी डोकं चालवलं. ओला कापूस घेतला!

"अरे, ते वॉटरकलर आहे!" बायको किंचाळली. तोवर घंटाफुलं वितळून कागदाच्या कडेला पोचली होती. खलास!

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर ऑफिसात आल्या. "लिहिलं मी, सांगणारही मीच."

मॅडमनी रानगुलाबाखालच्या ओळीचा अर्थ विचारला.

"व्हेरी ब्यूटिफुल, असं लिहिलंय," मी घाम पुसत म्हणालो.

"खोटं!" सासूबाई कडाडल्या. "फाइव्ह पेटल्स, मॅडम! शी हॅज मेड फोर!"

मॅडमनी चष्मा लावला. मोजल्या. पुन्हा मोजल्या. आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या! इतकी वर्षं घरातले सगळे नुसते वा वा करत होते म्हणे, पाकळ्या कुणी मोजल्याच नव्हत्या!

मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "अँड धिस?"

"दॅट," सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "इज माय सन-इन-लॉ."

नोकरी वाचली. आता शनिवारी दोघी फुजैराच्या डोंगरात रानफुलं रंगवायला जातात. गाडी मी चालवतो, छत्री मी धरतो. आणि मला तहान लागली, की दोघी आधी आपापली चित्रं झाकतात, मगच बाटली माझ्या हातात देतात!