कॉलेजात सुरक्षा आली

गाझियाबादला येऊन दोन वर्षं झाली नि ह्यांचा कारखाना बंद पडला. पोरगी दिवसा एक्स्पोर्टच्या कंपनीत शर्टांचे धागे कापायची, संध्याकाळी कॉलेजात जायची. तिच्या पगारावर घर चालायचं. कॉलेजकडून बसपर्यंतचा रस्ता नव्या कॉलन्यांमधून. कॉलन्या कसल्या, अर्धवट बिल्डिंगा आणि काळोख. एकदा दोघांनी तिची ओढणी ओढली. ती बोलली नाही, गुपचूप ओढणी शिवत बसली तेव्हा मला कळलं. ह्यांना सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. आधीच म्हणायचे, "पोरीच्या जातीनं इतक्या उशिरा यायचं?"

मग मीच रोज आणायला जायला लागले. पण रस्त्यावर दोघीच. मी काय करणार होते?

शेवटी पोरीला घेऊन प्रिन्सिपलसाहेबांकडे गेले. म्हणलं, रस्त्यावर लाईट लावा. ते म्हणाले, "माताजी, लड़कियों की सुरक्षा के लिए सरकार से अनुदान आ रहा है. हम पूरी चेष्टा करेंगे."

माझं डोकंच फिरलं. "पोरीच्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही चेष्टा करणार?"

पोरीनं चिमटा काढला. "आई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न गं!"

"मग प्रयत्न म्हणावं की नीट!"

अनुदान आलं. कॉलेजला उंच भिंत झाली, आत लाईटी लागल्या, फाटकावर बाई गार्ड बसली. बाहेरचा रस्ता होता तसाच. रस्ता म्हणे कॉलेजचा नाही. आणि गार्डनं पोरीला फाटकातच अडवलं, "पाँच बजे के बाद लड़कियाँ अंदर नहीं. ऊपर से ऑर्डर है."

परत साहेबांकडे गेलो. हात जोडले, रडले पण. ते म्हणाले, "सुरक्षा आपने ही तो माँगी थी, माताजी. बेटी को सुबह की क्लास में डाल दीजिए."

बाहेर आल्यावर मी म्हणलं, "सकाळी जातेस का?"

"आणि कंपनी? खायचं काय, आई?"

भिंतीच्या कडेनं आम्ही बसकडे चालत राहिलो.

घरी ह्यांनी विचारलं, "आज लवकर गं?"

"आता रोजच लवकर," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

हे म्हणाले, "चला, बरं झालं."