तिचं फ्रेंच

आमच्या कॉलनीत एका बंगल्याच्या हॉलमध्ये छोटंसं फ्रेंच रेस्टॉरंट आहे. टेबलं इतकी जवळजवळ की शेजारचं बोलणं कानावर पडतंच. आम्ही मैत्रिणी तिथं जेवायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, नवरा आणि त्याच्या दोन मित्रांबरोबर.

मेनूकार्ड तिच्यापुढं सरकवून नवरा म्हणाला, "वाच, ऐकव यांना."

ती पदार्थांची नावं अस्खलित फ्रेंचमध्ये वाचू लागली. वाचताना तिचा उजवा हात आपोआप वर जाई, समोरच्या भिंतीवरचं काही दाखवावं तसा. स्वतःच्या लक्षात येताच ती तो खाली घेऊन मांडीवर ठेवी.

"लग्नाआधी अजिंठ्याला गाईड होती ही," नवरा मित्रांना सांगत होता. "फ्रेंच टुरिस्टांना लेणी दाखवायची. बघा, शिकलेलं कसं कामी येतं!"

नंतर बेसिनपाशी ती भेटली. मी विचारलं, "गाईडचं काम का सोडलंत?"

नळ बंद करत ती म्हणाली, "परक्या माणसांसोबत हिंडते, म्हणून सासरी चालत नव्हतं. आता परक्यांचं जेवण मात्र लई आवडतं सगळ्यांना."

"पुन्हा सुरू करा की," असं माझ्या ओठावर आलं होतं. तिचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

तेवढ्यात नवऱ्याची हाक आली, "अगं, ये ना! त्या गोडाचं नाव म्हणून दाखव यांना."

पदराला हात पुसून ती गेली. तिनं नाव म्हणून दाखवलं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

"आणखी एकदा," नवरा म्हणाला.

तिनं पुन्हा म्हटलं.